थोडी माशी राहू द्यावी

गळालेलं संत्रं हातात घेतलं की बातमी जुनी झालेली असते. माशीने सालीत सुई खुपसली तेव्हा फळ झाडावर होतं, मालक निश्चिंत होता, व्यापारी बगीच्याचा सौदा करून गेला होता. टोचल्याची खूण सुईच्या टोकाएवढी. मुद्दाम शोधायला बसलं तरी सापडेलच असं नाही. शेतकऱ्याला दिसतं ते संकट नसतं, संकटाची पावती असते.

पंप मात्र तो पावती बघूनच खांद्यावर घेतो.

*

बुलढाणा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन मजल्यांत राहतो. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असा. त्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे संत्र्याचे बगीचे. वर चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडे मोठी बाग असो नसो, धुऱ्यावर एखादा आंबा, विहिरीजवळ पेरू, माळावर बोर आणि उताराला सीताफळ निघतंच.

फळमाशीला सातबारा वाचता येत नाही. तिला ही सगळी एकच बाग वाटते, आणि तिचं बरोबर आहे.

उन्हाळ्यात आंबा, पावसात पेरू, मागोमाग सीताफळ, मग आंबिया बहाराचं संत्रं. एक फळ संपायच्या आत दुसरं तयार. आपण पिकं बदलून लावली म्हणजे जोखीम वाटली असं समजतो. तिच्या हिशेबी आपण तिला बारमाही जेवण लावून दिलेलं असतं.

*

बोराला लागते ती तिची चुलतबहीण, कार्पोमाया. गावरान बोर फोडून बघितल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही, हे इथल्या पोराला शाळेच्या आधी कळतं. अळी निघाली तर तेवढा भाग थुंकायचा, उरलेलं खायचं. किडीशी इतका समजूतदार व्यवहार माणसाने मोठेपणी पुन्हा केला नाही.

*

अंड्यातून दीड-दोन दिवसांत अळी. फळात साधारण आठवडाभर मुक्काम. मग फळ गळतं, पूर्ण वाढलेली अळी बाहेर येते, अंगाची कमान करून उडी मारते आणि काळ्या मातीत दोन-चार बोटं खाली जाऊन कोष करते. गव्हाच्या दाण्याहून लहान, तांबूस, न हलणारा कोष. आठ-दहा दिवसांनी त्यातून माशी निघते.

किंवा निघत नाही. काही कोषांतून आणखी आठवडाभराने वेगळाच जीव बाहेर पडतो: बारीक कंबर, लांब मिशा, तीन-चार मिलिमीटरचं अंग आणि मादी असेल तर मागे अंगाइतकीच लांब सुई. ही परोपजीवी गांधीलमाशी. माणसाला ती चावत नाही. तिला माणसात रस नाही. माशीच्या कोषात तिची अळी वाढली, तिने माशीला आतून खाल्लं, आणि दार मात्र माशीचंच वापरलं.

एका कोषातून एकच गांधीलमाशी. एकीच्या बदल्यात एक. निसर्गातला हा सर्वांत कडक रोखीचा व्यवहार असावा.

*

आपल्याकडे हे दृश्य नवं नाही. कुंभारीण अळीला डंख मारून मातीच्या घरात कोंडते आणि काही दिवसांनी त्या घरातून कुंभारीणच बाहेर येते, हे आपल्या पूर्वजांनी नीट पाहिलं होतं. त्यातून भ्रमर-कीटक न्याय आला: अळीने भीतीने भ्रमराचा ध्यास घेतला आणि ती भ्रमर झाली. भक्ताने देवाचा ध्यास कसा घ्यावा, यासाठी संतांना याहून चांगला दाखला मिळाला नाही.

निरीक्षण अचूक होतं. आत गेली अळी, बाहेर आली भृंगी. मधलं काय ते कोणी उकरून पाहिलं नाही.

कीटकशास्त्राने उकरून पाहिलं. ध्यास कोणाचा होता, एवढाच फरक निघाला.

चार्ल्स डार्विनला हे दृश्य सोसलं नाही. मे १८६० मध्ये अमेरिकेतला वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केलं की जिवंत अळीला आतून खाणाऱ्या या माश्या एखाद्या दयाळू देवाने हेतुपूर्वक निर्माण केल्या असतील, यावर त्याचा विश्वास बसत नाही. तशाच जीवात एकाला मुक्तीचा मार्ग दिसला, दुसऱ्याचा देवावरचा भरवसा डळमळला. गांधीलमाशीने यातल्या कोणाचीच दखल घेतली नाही.

शेतकऱ्याची अडचण या दोघांपेक्षा वेगळी आहे. त्याला ती दिसतच नाही.

*

हे काम करणाऱ्या जाती अनेक आहेत. त्यांतल्या दोघींची रीत जाणून घ्यावी अशी.

पहिली फोपियस अरिसानस. ती अळीची वाटही बघत नाही. माशीने फळात अंडी घालून पाठ फिरवली की ही त्याच भोकाशी येते आणि माशीच्या अंड्यातच आपलं अंडं ठेवते. पुढे माशीची अळी जन्मते, खाते, वाढते, मातीत जाते, कोष करते. सगळं नेहमीसारखं. आत बसलेलं अंडं तोवर फारशी घाई करत नाही. माशी होण्याची वेळ आली की हिशेब पूर्ण होतो.

म्हणजे या बंदोबस्तातही फळ जातं. लोकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. आजचं फळ ती वाचवत नाही. पुढच्या महिन्यातलं वाचवते, कदाचित पुढच्या हंगामातलं. ज्याचा हप्ता या महिन्यात आहे त्याला हे सांगायला जीभ रेटत नाही.

दुसरी डायकॅस्मिमॉर्फा लाँगिकॉडाटा. नाव घेताना दमछाक होते, पण बाई कामाची आहे. सडत्या फळाच्या वासाने ती येते. फळावर उतरते आणि स्तब्ध उभी राहते. आत अळी वळवळली, कुरतडू लागली की तिची थरथर हिच्या पायांना कळते. मग ती लांब सुई सालीतून आत घालते, न बघता, आणि अळीला गाठते. फळावर कान ठेवून शोध घेणारा हा एकमेव डॉक्टर. फी घेत नाही, रोगी मात्र वाचवत नाही.

*

सुईची लांबी ठरलेली आहे. फळाची नाही.

रानबोरात, रानपेरूत, छोट्या आंब्यात अळीला लपायला जागा नसते, सुई पोचते. फळ जितकं मोठं, गर जितका जाड, तितकी अळी खोल आणि सुखरूप. म्हणूनच लहान रानफळांत गांधीलमाशीचं यश जास्त आणि बागेतल्या मोठ्या फळांत कमी, असं वेगवेगळ्या देशांत दिसून आलं आहे. माणसाने पिढ्यान्पिढ्या निवड करून फळ मोठं केलं, गोड केलं, साल पातळ केली. ते आपल्यासाठी केलं अशी आपली समजूत. माशीला वाड्याचा बुरूज बांधून दिला आणि दरवाजा पातळ ठेवला, असंही म्हणता येईल.

अंड्याला गाठणारी अरिसानस इथे कामी येते. अंडं सालीजवळच असतं. बुरुजाची उंची तिला अडवत नाही.

*

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्या घरातून जातो आणि आपल्याला ठाऊक नसतो.

वेलवर्गीय भाज्यांची फळमाशी, कारलं-दोडक्यात अळ्या करणारी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर पोचली. तिच्या मागोमाग तिचा शत्रू शोधत कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड फुलावे भारतात आला आणि १९१६ साली इथली एक गांधीलमाशी तिकडे घेऊन गेला. तिचं नाव फ्लेचेरी. बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कीटकशास्त्रज्ञ बेनब्रिज फ्लेचर याच्यावरून ते ठेवलं होतं. इथली माशी गेली, मागून इथलीच गांधीलमाशी गेली. आपण दोघींनाही निरोप दिला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी फळबागांची माशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, हवाईत उतरली. मग मोठीच मोहीम निघाली. १९४७ पासून चार-एक वर्षांत आशियातून आणि इतर देशांतून तीसच्या आसपास जातींचे शत्रुकीटक तिथे आणून सोडले गेले. १९४८ साली लाँगिकॉडाटाचं राज्य आलं. १९४९ साली तिला वँडेनबॉशी नावाच्या दुसरीने मागे सारलं. १९५० साली दोघींना बाजूला करून अरिसानस बसली, ती आजतागायत.

मला या कथेत आवडते ती एक गोष्ट. सगळ्यांत यशस्वी ठरलेली ही अरिसानस सुरुवातीला कोणाच्या लक्षातच आली नव्हती. दुसऱ्या जातींच्या कोषांत मिसळून, चुकीच्या नावाखाली ती आली आणि सोडली गेली. शास्त्रज्ञांनी ज्यांच्यावर भिस्त ठेवली त्या मागे पडल्या. यादीत नसलेली निवडून आली.

नंतर तीच अरिसानस २००२-०३ मध्ये ताहितीला नेली गेली. रियुनियन बेटावर गेली, आपल्या पेरूंना लागते त्या झोनाटा माशीसाठी. आफ्रिकेत २००३ साली केनियात डॉर्सॅलिस सापडल्यावर तिथेही. ताहितीत पाच-सहा वर्षांत पेरूतल्या निम्म्याहून अधिक माश्यांच्या जागी गांधीलमाश्या निघू लागल्या.

निम्म्याहून अधिक. सगळ्या नव्हे. हा आकडा नीट लक्षात ठेवावा. पुढे भांडण त्यावरूनच आहे.

*

संत्र्याचं आणखी एक जुनं दुखणं कोळशी. पानांमागे काळी माशी रस शोषते, चिकटा टाकते, त्यावर काळी बुरशी चढते आणि बगीचा डांबर फासल्यासारखा होतो. हीच माशी १९३५ साली मेक्सिकोत सापडली. तिथल्या बागा वाचवायला कीटकशास्त्रज्ञ हर्बर्ट स्मिथ १९४८ ते १९५० या काळात भारत-पाकिस्तानात फिरला आणि इथल्या बारीक गांधीलमाश्या गोळा करून घेऊन गेला. मेक्सिकोची कोळशी आटोक्यात आली. जैविक नियंत्रणाच्या पाठ्यपुस्तकांत ती यशोगाथा म्हणून छापली जाते.

विदर्भात अजून दर काही वर्षांनी बगीचे काळे पडतात. औषध इथून गेलं. रोगी इथेच राहिला.

*

का राहिला, हे समजायला कृषी केंद्राच्या पायरीवर थोडं बसावं.

"भाऊ, जालीम काय हाये?" असं विचारत माणूस येतो. जालीम काय ते फळीवर असतं. संयम फळीवर नसतो. दुकानदारालाही दोष देता येत नाही, त्याने न विकण्यासारखं काय विकावं?

फवारलेला थेंब पडतो कुठे ते पाहा. माशीची अळी फळाच्या आत. कोष मातीच्या आत. दोघांवर छप्पर आहे. उघड्यावर कोण? दिवसभर फळांवर चालणारी, मिशांनी साल ठोकत भोक शोधणारी गांधीलमाशी. विष पायांनी ती उचलते. राखणदार मरतो, चोर घरात झोपलेला असतो.

मग दहा दिवसांनी कोषांतून नव्या माश्या निघतात, धुऱ्यापलीकडून आणखी येतात. गांधीलमाशी मात्र लगेच येऊ शकत नाही. आधी माशी हवी, मग तिची अंडी, मग हिची पिढी. शिकारी कायम सावजाच्या मागे असतो, पुढे नाही. प्रत्येक फवारणीत हे अंतर वाढतं आणि त्या मोकळ्या अंतरात माशी राज्य करते. शेतकरी म्हणतो, औषधाला जोर राहिला नाही. पुढचं औषध आणखी जोराचं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या घरात माणसं गेली. किडीच्या गोष्टीत माणसांचा आकडा आला की लिहिणाऱ्याने थांबावं. मी थांबतो.

*

मिथाइल युजेनॉलचा सापळा हा मधला मार्ग. सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर धाव घेतात, हे पुसा इथेच एफ. एम. हॉवलेटने १९१२ साली नोंदवलं. १९१५ पर्यंत त्यामागचं द्रव्यही सापडलं. तेच द्रव्य आपल्या अंगणातल्या तुळशीत असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा त्यावर चालतो आणि तो आंब्याबरोबर घाट चढून इकडेही आला.

सापळा चांगला आहे. गांधीलमाशीला त्याचा उपद्रव नाही, आणि मेलेल्या माश्या डब्यात दिसतात. दिसतात हेच त्याच्या लोकप्रियतेचं निम्मं कारण. माणसाला उपायापेक्षा पुरावा जास्त आवडतो.

पण डब्यात असतात ते नर. उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. डबा भरला म्हणून फळ वाचलं असा अर्थ काढू नये. गांधीलमाशीचं काम नेमकं उलटं: डबा रिकामा, मृतदेह मातीत, पुरावा शून्य. जी माशी जन्मलीच नाही ती कोणाला दाखवणार?

(फळात भोक पाडणारी फळमाशी एकटी नसते, हेही इथे नोंदवतो. रात्री येणारा रस शोषणारा मोठा पतंग संत्र्यात सोंड खुपसतो. गळ त्यानेही होते. त्याच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात, म्हणून बागेभोवतीची गुळवेल काढा असं सांगितलं जातं. करोनाच्या दिवसांत काढ्यासाठी लोक तीच वेल शोधत फिरत होते. एका वेलीला किती बाजूंनी न्याय द्यायचा?)

*

ट्रायकोकार्ड विदर्भाला ठाऊक आहे. कपाशीच्या पानामागे टाचलेला तो कागद, वर तांदळाच्या पतंगाची वीस हजारांच्या आसपास अंडी, प्रत्येकात ट्रायकोग्रामा, तीही एक बारीक गांधीलमाशीच. मग फळमाशीच्या गांधीलमाशीचं कार्ड का नाही?

कारण ट्रायकोग्रामा परक्याच्या अंड्यावरही वाढते. तांदळाचा पतंग डब्यात पाळणं सोपं आणि निरुपद्रवी. अरिसानसला फळमाशीचीच अंडी लागतात, तीही ताजी. तिचा कारखाना काढायचा तर आधी माशीचा कारखाना काढावा लागतो. हवाईतल्या संशोधकांनाही ती प्रयोगशाळेत नीट वाढवायला दशकं लागली. जे पाकिटात बसत नाही त्याचा प्रचारक निघत नाही. आणि प्रचारक नसलेली गोष्ट खरी असली तरी गावात पोचत नाही.

तशी ती गावात आहेच. प्रश्न आणण्याचा कमी, न मारण्याचा जास्त.

*

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला. खेपांत फळमाशी सापडली होती. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. अमेरिकेला जाणारा आंबा २००७ पासून लासलगावला किरणं खाऊन मगच निघू लागला. परदेशी गिऱ्हाईक एकच आकडा मान्य करतं: शून्य.

गांधीलमाशी शून्य देऊ शकत नाही. तिला देता येणारही नाही, कारण माशी संपली की तीही संपते. तिच्या जगण्याची अटच ही, की थोडी माशी उरली पाहिजे. हवाईत सत्तर-पंचाहत्तर वर्षं ती इमानाने राबते आहे, तरी तिथलं फळ प्रक्रियेशिवाय अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जात नाही.

शून्य जमलं ते बेटांवर. जपानने ओकिनावा बेटांवरची वेलवर्गीयांची माशी १९७२ ते १९९३ अशी एकवीस वर्षं वांझ माश्या सोडून संपवली. बेटाला समुद्राची वेस असते. संग्रामपूरच्या बगीच्याला धुरा असतो, आणि धुरा माशीच्या पंखाखालून जातो.

तेव्हा निवड करावी लागते. पेटी परदेशी जाणार असेल तर शून्याची यंत्रं शेतात नाही, पॅकहाऊसमध्ये बसवावीत. ज्याचं संत्रं जिल्ह्याबाहेरच्या मंडईत जाणार, पेरू आठवडी बाजारात विकला जाणार, त्याने शेतात शून्य का मागावं? दहा फळांत एक किडकं हे नुकसान आहे. ते एक वाचवायला सगळ्या झाडांवर चार वेळा पंप फिरवणं हे दुसरं नुकसान. ते वहीत खर्च म्हणून लिहिलं जातं, एवढाच फरक.

"शत्रूचा समूळ नाश" ही भाषा राजकारणातून शेतात आली की शेतातून राजकारणात गेली, मला ठरवता आलेलं नाही. दोन्हीकडे तिचा निकाल सारखाच लागतो: नाश करणाऱ्याशिवाय दुसरं कोणी उरत नाही, आणि शत्रू पुढच्या हंगामाला परत येतो.

*

गळालेली फळं वेचा आणि दोन-अडीच फूट खोल पुरा. ही शिफारस जुनी आणि योग्य आहे. पाळतं कोण? किडकी फळं टोपलीत भरून धुऱ्यावर किंवा नाल्यात लोटली जातात. तिथे अळ्या आरामात मातीत उतरतात. आपण बागेतली घाण काढली असं मालकाला वाटतं. त्याने माशीचं फक्त स्थलांतर केलेलं असतं.

आणि पुरली तरी एक हिशेब राहतो. त्या फळांत माशीच्या अळ्या असतात, तशा गांधीलमाशीच्याही. खड्डा दोघींचा एकच.

हवाईतल्या संशोधकांनी यावर २००५ च्या सुमारास एक साधी युक्ती केली. कापडी तंबू, वर जाळीची खिडकी. वेचलेली सगळी किडकी फळं त्यात टाकायची आणि तोंड बांधायचं. आत माश्या निघतात, गांधीलमाश्याही निघतात. जाळीची भोकं अशी मापून घेतलेली की जाड अंगाची माशी अडते आणि सडपातळ गांधीलमाशी सुटते. माशी आतच मरते. त्यांनी त्याला ऑगमेंटोरियम असं भारदस्त नाव दिलं. वस्तू तंबूच आहे. पुढे तो रियुनियनच्या शेतकऱ्यांनीही उभारला.

मला तो आवडतो, कारण त्याला कशाचाच नाश करायचा नाही. त्याला फक्त निवड करायची आहे.

जाळीची भोकं मोजणारी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी शेडनेट उभी राहिली. टोमॅटो-मिरचीच्या फुलांत चिमट्याने परागीकरण करणारे हात तिथल्या वाड्यावस्त्यांत तयार झाले. कोणती जाळी कोणता किडा अडवते हे तिथल्या बाईला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त कळतं. तिच्या जाळीचं काम बाहेरचं बाहेर ठेवणं. इथे तीच जाळी उलटी लावायची: आतलं एक आत ठेवायचं, दुसरं सोडायचं. घाटावरचं हे कसब घाटाखालच्या संत्र्याला जोडायला आंतरराष्ट्रीय प्रकल्प लागत नाही. एसटी पुरते.

माप मात्र इथल्या माशीचं आणि इथल्या गांधीलमाशीचं घ्यावं लागेल. हवाईची भोकं आहेत तशी उचलून चालणार नाहीत. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे. कोषांची एक बरणी भरून कोणी नेली तर काय निघतं ते पंधरा-वीस दिवसांत दिसेल. किती माश्या, किती गांधीलमाश्या, कोणत्या जातीच्या. एवढी मोजणी हातात असल्याशिवाय फवारू नका म्हणणं हाही एक प्रकारचा फवाराच.

*

सगळ्यांत अवघड भाग जाळीचा नाही.

तंबूतून सुटलेली गांधीलमाशी मालकाच्या बगीच्यात थांबेल असं नाही. ती माशीच्या मागे जाते, माशी धुऱ्यापलीकडे असते. तुझ्या सडक्या फळांवर वाढलेली गांधीलमाशी शेजाऱ्याच्या झाडावर राबणार, आणि त्याच आठवड्यात त्याने फवारा मारला तर तिथेच मरणार. खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा, नाश तिसऱ्याच्या हाती. औषधाची बाटली आपली असते, तिच्यावर किंमत छापलेली असते, ती कपाटात ठेवता येते. गांधीलमाशीची मालकी कोणाच्याच नावावर चढत नाही. म्हणून तिच्यासाठी कोणी भांडतही नाही.

यावर तोडगा शास्त्रात नाही, भाऊबंदकीत आहे. पहिला तंबू स्वतःच्या वावराच्या मधोमध बांधू नये. धुऱ्यावर बांधावा, दोन्हीकडून तोंड राहील असा, आणि शेजाऱ्याला सांगावं की दादा, तुझी किडकी फळंही नाल्यात न टाकता इथेच आणून टाक. तो आधी हसेल. मग विचारेल, पैसे कोण देणार? मग धुरा नेमका कोणाचा यावरून जुना वाद निघेल. मोजणीचा नकाशा मागवला जाईल. तोवर पेरू पिकायला लागतील. तेव्हा हे बोलणं बहाराचं पाणी तोडायच्या आधी, उन्हाळ्यात, दोघेही मोकळे असताना काढावं.